कूलरचा स्टँड

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी नागपुरात आमच्या समोरच्या फ्लॅट स्कीममधलं एक कुटुंब घर सोडून गेलं. खाली छोटा हत्ती टेम्पो उभा होता. दिवाण चढला, कपाट चढलं, सिलिंडर, कुंड्या, गाद्यांच्या वळकट्या, शेवटी कूलरची पेटीही चढली. राहिला तो दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीबाहेरचा लोखंडी स्टँड. भाडेकरू पाना घेऊन खिडकीतून वाकले, तसे घरमालक काका खालून म्हणाले, "अहो, तो राहू द्या. काढसान तं पलस्तर येईन सोबत." भाडेकरू म्हणाले, "काका, मीच बसवला होता ना तो. वेल्डरले बावीसशे रुपये देल्ले." काका म्हणाले, "बसवला असन, पण भिंत तं माही आहे ना." आवाज कोणाचाच चढला नाही. सहा वर्षं एकमेकांच्या घरी संक्रांतीचा तिळगूळ नेलेली माणसं होती ती. पाच-सात मिनिटं दोघंही त्या स्टँडकडे बघत उभी राहिली, मग भाडेकरूंनी पाना खिशात घातला आणि टेम्पो निघून गेला.

स्टँड अजून तिथंच आहे.

भाड्याच्या घराचा प्रश्न मला तेव्हापासून त्या चार बोल्टांवर अडकल्यासारखा वाटतो. घर राहण्यासारखं करायचं तर भिंतीला काहीतरी ठोकावंच लागतं, आणि भिंत आपली नसते. दुसऱ्या गावात हे देवघराच्या फळीवर किंवा पडद्याच्या दांडीवर निभावून जातं. नागपुरात ते कूलरवर येऊन थांबतं. ज्या शहरानं २३ मे २०१३ला ४७.९ अंश पाहिले, तिथं कूलर बसवणं ही हौस राहत नाही, दाराला कडी लागते तशी ती लागते. आणि करारनाम्यात पंखे किती, ट्यूबलाइट किती, गीझर आहे की नाही हे सगळं लिहिलेलं असतं. कूलर कुठं लागेल, हे मात्र मी फार क्वचित लिहिलेलं पाहिलं आहे.

गंमत अशी की घर बघायला आपण जातो ते चुकीच्या ऋतूत. शाळा जूनच्या शेवटी उघडतात म्हणून पहिल्या पावसानंतर, नाहीतर बदलीची ऑर्डर आली म्हणून डिसेंबरच्या कोवळ्या उन्हात. तेव्हा प्रत्येक घर छानच वाटतं. पश्चिमेच्या खिडकीतून संध्याकाळचं ऊन फरशीवर पडतं, ब्रोकर म्हणतो "भरपूर उजेड आहे", आणि आपणही मान हलवतो. तोच उजेड मे महिन्यात दुपारी दोनपासून भिंतीत मुरत जातो आणि रात्री अकरापर्यंत बाहेर पडत राहतो. मेमध्ये घर बघायला मिळालं तर दुपारी नको, रात्री आठला जावं आणि पश्चिमेच्या भिंतीवर तळवा टेकवून मनात वीस आकडे मोजावेत. हात टिकला नाही तर ती खोली मुलांना झोपायला देता येणार नाही. थंडीत घर बघायची वेळ आली तर घरमालकाकडे महावितरणचं बिल मागावं. मागच्या महिन्यांचा वापर त्यावर छापलेला असतो. त्यातला फेब्रुवारीचा आकडा आणि मेचा आकडा शेजारी शेजारी ठेवून बघावा. फेब्रुवारीत नव्वद युनिट आणि मेमध्ये चारशे असतील तर ते घर किती तापतं हे ब्रोकरपेक्षा बिल खरं सांगतं. महावितरणचे घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटच्या टप्प्यांनी चढतात, त्यामुळे तापणाऱ्या घराचं भाडं कागदावर हजार रुपयांनी कमी असलं तरी उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत ते हजार परत जातात. आणि एकाच मीटरवर दोन बिऱ्हाडं, मध्ये घरमालकाचं स्वतःचं सबमीटर, असा मामला असेल तर दोघांचे युनिट एकत्र मोजले जाऊन वरच्या टप्प्यात जातात. स्वतंत्र मीटर नसेल तर ते घर सोडून द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळ्यात वरचा मजला स्वस्त का मिळतो हे इथं कोणाला सांगावं लागत नाही. पाच इंचांचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री पंखा लावला की तीच गरम हवा खाली ढकलली जाते. चुन्यात पांढरा सिमेंट आणि थोडा डिंक घालून गच्चीवर दोन हात मारले तर खोलीत दोन-तीन अंशांचा फरक पडतो, पण मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात, गच्ची घासून, धूळ धुऊन, एक हात वाळल्यावर दुसरा. तसाच फासला तर पहिल्याच पावसात पापुद्रे सुटून पन्हाळी तुंबतात. गच्ची मात्र सगळ्यांची सामाईक. तिथं चुना मारायचा तर असोसिएशनला विचारायचं, आणि असोसिएशनच्या बैठकीत भाडेकरूला खुर्ची असते, मत नसतं. मेंटेनन्स तोच भरतो बऱ्याच ठिकाणी. लिफ्टचा, वॉचमनचा, टाकी धुण्याचा पैसा त्याच्या खिशातून जातो आणि टाकी कधी धुवायची हे दुसरे ठरवतात. ही बोच मी अनेकांच्या बोलण्यातून ऐकली आहे आणि ती खरी आहे.

आता तो स्टँड. अठरा इंची पंख्याचा डेझर्ट कूलर म्हणजे पत्र्याची पेटी तीस-पस्तीस किलो, त्यात सत्तर-ऐंशी लिटर पाणी. म्हणजे खिडकीबाहेर शंभर-एकशे पंधरा किलोचं ओझं, आणि त्यात दिवसरात्र फिरणारी मोटर. फ्लॅटच्या बाहेरच्या भिंती पुष्कळदा नऊ इंची असतात, पण गॅलरीच्या कठड्याची आणि खिडकीखालची भिंत अर्ध्या विटेची निघते. अर्ध्या विटेत ठोकलेला अँकर बोल्ट पहिल्या उन्हाळ्यात धरतो, दुसऱ्यात हलतो आणि तिसऱ्यात विटेचा चुरा घेऊन बाहेर येतो. म्हणून बोल्ट आरपार हवा, आतल्या बाजूनं चार इंची लोखंडी पट्टी आणि तिच्यावर नट. जमेल तिथं वरचे दोन बोल्ट काँक्रीटमध्ये घ्यावेत. स्टँड दीड इंची अँगलचा, तिरप्या आधारासकट. लावल्याबरोबर रेड ऑक्साइड आणि वरून तेलरंग, कारण कूलर गळतोच. बोअरच्या पाण्यातल्या क्षारानं बॉल कॉक अडकतो, रात्रभर पाणी वाहतं, आणि बोल्टाच्या भोकातून ते भिंतीत शिरतं. जुलैत आतल्या बाजूचा रंग फुगला की भाडेकरू म्हणतो पावसाची ओल आहे, घरमालक म्हणतो कूलरची. खरं तर दोन्हीची असते. बोल्टाभोवती सिलिकॉनची एक रेघ ओढली असती तर हा वाद झालाच नसता, आणि ती ट्यूब तीनशे रुपयांच्या आत येते.

सरकत्या अॅल्युमिनियमच्या खिडकीनं आणखी एक अडचण केली आहे. चार फुटांची खिडकी दोनच फूट उघडते. मग एक पल्ला काढून माळ्यावर ठेवायचा, कूलरचं तोंड चौकटीत बसवायचं आणि उरलेल्या फटीत प्लाय नाहीतर थर्माकोल कोंबायचा. सोडून जाताना पल्ला सापडतो, त्याची चाकं सापडत नाहीत, आणि पल्ला रुळावरून घासत चालतो. डिपॉझिटमधून कापले जाणारे पैसे पुष्कळदा या दोन प्लास्टिकच्या चाकांवरून सुरू होतात. पल्ला काढला त्याच दिवशी चाकं आणि स्क्रू एका पिशवीत घालून त्याच पल्ल्याला बांधून ठेवावेत.

पण कूलरच्या बाबतीत हलगर्जी अजिबात चालत नाही अशी गोष्ट एकच, अर्थिंग. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. पाणी भरताना एक हात पत्र्यावर आणि पाय ओल्या फरशीवर. जुन्या स्कीममध्ये तीन पिनांचा बोर्ड दिसतो, पण त्याच्या मागं अर्थिंगची तार जोडलेलीच नसते. घर ताब्यात घेतानाच इलेक्ट्रिशियनला बोलावून फेज आणि अर्थच्या मध्ये टेस्ट लॅम्प लावून बघावा. दिवा पूर्ण तेजानं लागला नाही तर अर्थिंग नाही किंवा कच्चं आहे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, मीटरनंतर बसवून घ्यावा. तो घरमालकानं बसवायचा, हे करारात लिहून घ्यावं, आणि त्यानं नाही म्हटलं तर स्वतःच्या पैशानं बसवावा आणि जाताना सोडून द्यावा. तिथं हिशेब करू नये.

पाण्याचं गणित वेगळंच. कोरड्या उन्हात असा कूलर तासाला दहा-पंधरा लिटर पाणी पितो. दिवसातले चौदा तास चालला तर दीडशे-दोनशे लिटर. बारा फ्लॅटच्या स्कीममध्ये प्रत्येकी एकच कूलर धरला तरी रोज दोन हजार लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं, आणि बिल्डरनं टाकी बांधली ती माणसांच्या आंघोळीपुरती. म्हणून एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी तीनला वरच्या मजल्याचे नळ सुसकारे टाकायला लागतात. पेंच-कन्हानचं, म्हणजे महापालिकेचं नळाचं पाणी स्वयंपाकघरात, बोअरचं बाथरूममध्ये, अशा दोन लाइनी असतील तर उत्तम. नसतील तर विचारून घ्यावं की संप, म्हणजे जमिनीखालची टाकी, किती लिटरचा, मोटर कोण चालू करतं, आणि शहराच्या कडेला बेसा-पिपळ्याकडे घर असेल तर मेमध्ये टँकर किती येतात व त्याचे पैसे कसे वाटले जातात. हे प्रश्न घरमालकाला विचारू नयेत. वॉचमनच्या बायकोला विचारावेत. तिला सगळं माहीत असतं, कारण पाणी गेलं की आधी हाका तिलाच पडतात.

एवढं सगळं असून माणसं भाड्यानं राहतात आणि सुखानं राहतात, हेही मी बघत असते तसं इथले सगळेच बघतात. स्कीममधल्या बिऱ्हाडाला जी सोबत मिळते ती प्लॉटवरच्या स्वतंत्र घराला मिळत नाही. नवतप्यात, मेअखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, दुपारी सगळी दारं बंद असतात, पण रात्री साडेनऊनंतर पार्किंगमध्ये खुर्च्या निघतात, कोणी पाणी शिंपडतं, तापलेल्या सिमेंटचा वास उठतो, पोरं सायकली फिरवतात. कोणाची आई एकटी असली तर समोरच्या दारातून तिच्या घरचा कूलर चालू आहे की नाही हे ऐकू येतं, आणि तो आवाज थांबला की कोणीतरी बेल वाजवून बघतं. होळीनंतर कूलरच्या बाजूंना लावायच्या नव्या ताट्या आणल्या जातात, पहिलं पाणी सोडलं की ओल्या लाकडाचा, एखाद्या घरी वाळ्याचा वास जिन्यात भरतो. त्या वासाला मालक आणि भाडेकरू असा फरक कळत नाही. शिवाय सोडून जाता येतं, ही मोठी गोष्ट आहे. २०२३च्या सप्टेंबरात, २२ तारखेच्या रात्री पाऊस कोसळला आणि अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं. तळमजल्यावरच्या भाडेकरूचं सामान गेलं, तसं मालकाचंही गेलं. पण भाडेकरूला पुढच्या महिन्यात उंचावरचं घर बघता येतं. ज्यानं वीस वर्षांचं कर्ज काढून तेच घर घेतलं, त्याला दर पावसाळ्यात आभाळाकडे बघत तिथंच राहावं लागतं.

मात्र घर मिळण्याआधी एक प्रश्न येतो.

"आडनाव काय?"

फोनवर भाडं, डिपॉझिट, पार्किंग सगळं जमलेलं असतं आणि मग हा प्रश्न येतो. त्याच्या मागून "नॉनव्हेज खाता का?" येतो, सावजी मटणाच्या गावात. कधी सरळ नकार नसतो. "मुलीचं लग्न ठरतंय, आता घर द्यायचं नाही म्हणतो" असं काहीतरी ऐकवलं जातं आणि आठ दिवसांनी त्याच गॅलरीत दुसऱ्यांचे कपडे वाळताना दिसतात. १४ ऑक्टोबर १९५६ला ज्या शहरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, त्या शहरात दीक्षाभूमीपासून चालत जाता येईल अशा वस्त्यांमध्ये हे घडतं, याची लाज वाटते. गैरसोयींच्या यादीत नळ आणि लिफ्टच्या शेजारी ही गोष्ट बसवता येत नाही. नळ दुरुस्त होतो.

कागदाचं म्हणाल तर लोक फार घाबरतात आणि नको तिथं पैसे वाचवतात. शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून अकरा महिने काढायची जुनी सवय आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, त्याचं कलम ५५ सांगतं की करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची, आणि केली नाही तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. खर्च तरी किती? भाडं बारा हजार, अकरा महिने, म्हणजे एक लाख बत्तीस हजार. डिपॉझिट तीस हजार, त्यावर वर्षाला दहा टक्के व्याज धरून अकरा महिन्यांचे पावणेतीन हजार. बेरजेच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे साडेतीनशेच्या आत. ते शंभराच्या पटीत भरायचं. नोंदणी फी शहरात एक हजार. घरबसल्या आधार आणि अंगठ्यावर होतं. दोघांनी मिळून दोन वेळा हॉटेलात जेवण्याइतका खर्च आहे हा. उलट बाजूही माहीत असावी: मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर त्याच कायद्याच्या कलम २४ प्रमाणे दुप्पट दरानं पैसे द्यावे लागतात.

आणि या कराराला आपण भाडेकरार म्हणत असलो तरी बहुतेक वेळा तो 'लिव्ह अँड लायसन्स' असतो, म्हणजे राहायची परवानगी. तिचं मूळ १८८२च्या ईझमेंट कायद्यात आहे. त्याच्या कलम ६३ मध्ये म्हटलं आहे की परवानगी संपली की राहणाऱ्याला जागा सोडायला आणि तिथं ठेवू दिलेल्या वस्तू काढून न्यायला वाजवी वेळ मिळाला पाहिजे. त्याच वर्षीचा मालमत्ता हस्तांतरण कायदा खऱ्याखुऱ्या भाडेपट्ट्याबद्दल आणखी स्पष्ट बोलतो: भाडेकरूनं जमिनीला जोडलेलं त्याला ताबा सोडण्याआधी काढून नेता येतं, जागा मात्र मिळाली तशी परत द्यावी. म्हणजे समोरच्या स्कीममध्ये उभे असलेले दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. स्टँड भाडेकरूचा, पलस्तर मालकाचं. चार भोकं बुजवायला मिस्त्री, अर्धं घमेलं माल आणि वरून रंगाचा एक हात. सातशे-आठशे रुपयांचं काम. कराराच्या शेवटी सामानाची यादी असते, तिच्यात एक ओळ पुरली असती: 'कूलरचा लोखंडी स्टँड भाडेकरूचा, काढल्यास भिंत पूर्ववत करून देणे.' सहा वर्षांत सहा-सात करार झाले असतील त्यांचे. ती ओळ एकातही नसणार, कारण सही करताना दोघांनाही ते बोलणं कोतं वाटलं असेल. आपल्याकडे घरोबा जमला की हिशेब लिहायला संकोच वाटतो, आणि घर सोडायच्या दिवशी, हमाल जिन्यात उभे असताना, तोच हिशेब तोंडी करायची वेळ येते. त्या दिवशी भाडेकरूंनी पाना खिशात घातला तो कायदा माहीत नव्हता म्हणून नाही. सहा वर्षांच्या तिळगुळापुढं बावीसशे रुपये बोलायला त्यांची जीभ वळली नाही, असं मला वाटतं. काकांचीही मान नंतर बराच वेळ खाली होती.

होळी झाली. त्या घरात नवं बिऱ्हाड आलं आहे, नवरा-बायको आणि शाळेत जाणारी एक मुलगी. परवा संध्याकाळी नवऱ्यानं खिडकीतून वाकून स्टँडला टेप लावला, मुलीनं आतून आकडा लिहून घेतला. स्टँड चोवीस इंचांचा आहे, त्यांचा कूलर सव्वीसचा. रविवारी वेल्डर येणार आहे, दोन इंचांची अँगल जोडायला.